स्वीडिश इंडी आणि इलेक्ट्रॉनिक पॉप कसं शोधायचं: गाण्याखालची बारीक नावं वाचा

आधी एक गंमत सांगते, म्हणजे मला नक्की काय म्हणायचंय ते कळेल. ब्रिटनी स्पिअर्सचं टॉक्सिक आठवतंय ना, त्यातली ती किंचाळणारी व्हायोलिनं? ती 'एक दूजे के लिए' मधल्या लताबाई आणि एसपींच्या 'तेरे मेरे बीच में' वरून उचललेली आहेत, लक्ष्मीकांत-प्यारेलालची. आणि टॉक्सिक बनवणारे दोघं स्वीडनचे, क्रिस्टियन कार्लसन आणि पोंटस विनबर्ग, ब्लडशाय अँड अवांत या नावानं काम करायचे. पुढे या दोघांनी अँड्र्यू वायट नावाच्या अमेरिकन गायकाला घेऊन माइक स्नो हा बँड काढला. त्यानंतर कार्लसन गॅलांटिसमध्ये दिसतो, एकदम नाचायला लावणारं म्युझिक, आणि विनबर्ग अमासोनमध्ये, जो मस्त संथ इंडी पॉप (इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून केलेलं म्युझिक) बँड आहे. अमासोनची गायिका अमांडा बर्गमन, तिची सोलो गाणी वेगळीच, आणि अमासोनमध्येच गुस्ताव एय्स्टेस, जो डुंगेन या सायकेडेलिक, म्हणजे गुंगवून टाकणाऱ्या रॉकच्या बँडचा मुख्य माणूस.

म्हणजे लताबाईंपासून निघालो आणि पाच मिनिटांत डुंगेनला पोचलो, आणि यात कुठल्याही ॲपनं काही सुचवलं नाही, फक्त कोणी कोणाबरोबर काम केलंय ते वाचत गेलो. माझी सगळी पद्धत एवढीच आहे. बाकी सगळं तपशील.

स्वीडनला ही युक्ती खास चालते कारण देश छोटा, जेमतेम 1 कोटीच्या वर माणसं, आणि त्यात म्युझिकवाली एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या बँडमध्ये वाजवतात, एकमेकांचे रेकॉर्ड प्रोड्यूस करतात. तिथे नगरपालिकांच्या म्युझिक स्कूल आहेत, पोरांना कमी फीमध्ये वाद्य शिकायला मिळतं, मोठमोठ्या पॉप गायकांची हिट गाणी लिहिणारा मॅक्स मार्टिनसुद्धा तिथूनच शिकून आलेला. शिवाय स्टुडियेफोरबुंड म्हणून प्रौढशिक्षणाच्या संस्था आहेत, त्या बँडला सरावाला खोली मिळवून देतात. चार पोरं एकत्र आली की बँड, त्यातली दोन दुसरीकडे गेली की अजून एक बँड. आपल्याला फक्त धागा धरून ठेवायचाय.

सुरुवात कुठून करायची

'स्वीडिश पॉप' असं सर्चमध्ये टाकू नका. मी टाकलं होतं, ॲबा आलं, आणि मग जी एकदा ॲबाच्या रांगेत शिरले ती बाहेरच येईना. वर एकदा ऑटोप्ले चालू ठेवून झोपले, तर पुढचे कित्येक आठवडे ॲपला वाटत होतं की मला झोपेचं पियानो म्युझिकच आवडतं.

त्याऐवजी एक असा अल्बम घ्या ज्यात एकाच जागी बरीच माणसं भेटतात. माझ्या मते त्यासाठी सगळ्यात सोयीचा म्हणजे क्लेरुपचा 2008 चा पहिला अल्बम, नाव पण क्लेरुपच. हा आंद्रेयास क्लेरुप स्वतः प्रोड्यूसर, गायला बाहेरची मंडळी: रॉबिन, लिके ली, नेने चेरी, टिटियो. रॉबिनबरोबरचं विथ एव्हरी हार्टबीट तर 2007 मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलेलं. एक अल्बम ऐकला की चार दारं उघडतात, कुठल्याही दारातून आत जा.

समजा रॉबिनच्या दारातून गेलात. तिनं मोठ्या कंपनीतून बाहेर पडून 2005 ला स्वतःचं कोनिचिवा रेकॉर्ड्स काढलं आणि त्यावर रॉबिन याच नावाचा अल्बम आणला, त्यातलं एक गाणं द नाइफ बरोबर केलेलंय. द नाइफ म्हणजे कारिन द्रेयर आणि ओलोफ द्रेयर, बहीण-भावंडं म्हणूया, 2006 चा सायलेंट शाउट ऐका, अंधार करून, हेडफोन लावून. थंडगार आहे, पहिल्यांदा ऐकून आवडला नाही तर तीन दिवसांनी परत लावा. मग कारिनचं एकट्याचं फीवर रे, 2009 चा पहिला, 2017 चा प्लंज, 2023 चा रॅडिकल रोमँटिक्स, आणि या शेवटच्यात ओलोफ परत येऊन काही गाण्यांना हात लावून गेलाय. द नाइफचंच हार्टबीट्स होसे गोन्झालेसनं नुसत्या गिटारवर गायलं, ती टीव्हीची जाहिरात होती बघा, सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून हजारो रंगीत चेंडू उड्या मारत येतात, तेच ते. दोन्ही पाठोपाठ ऐका, एकच गाणं आहे यावर विश्वास बसत नाही.

लिके लीच्या दारातून गेलात तर तिचा यूथ नॉव्हेल्स, 2008 चा, ब्यॉर्न युटलिंगनं प्रोड्यूस केलाय, पीटर ब्यॉर्न अँड जॉन या बँडच्या नावातला मधला ब्यॉर्न तो हाच. त्यांच्या शिट्टीवाल्या यंग फोक्स मध्ये जी बाई गाते ती व्हिक्टोरिया बर्गस्मन, आधी द कॉन्क्रीट्स मध्ये होती, नंतर टेकन बाय ट्रीज या नावानं गाते, आणि तिचा ईस्ट ऑफ ईडन हा अल्बम तर पाकिस्तानात जाऊन तिथल्या वादकांबरोबर रेकॉर्ड केलाय. बघा कुठून कुठे.

नावं सापडतात कुठे

स्पॉटिफायवर गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की क्रेडिट्स येतात, लिहिणारे, प्रोड्यूस करणारे. बऱ्याच लोकांनी ते बटण कधी उघडलेलंच नसतं. बँडकॅम्प ही बँड आपलं म्युझिक थेट विकतात ती साइट, तिथे अल्बमच्या पानावर खाली सरकत जा, तिथे कोणी कुठे वाजवलं, कुणी मिक्स केलं, कधीकधी कुणाच्या घरात रेकॉर्ड केलं इथपर्यंत लिहिलेलं असतं. आणि सगळ्यात दणदणीत म्हणजे डिस्कॉग्स, रेकॉर्डची माहिती देणारी साइट, तिथे प्रत्येक नावावर क्लिक करता येतं आणि त्या माणसानं आजवर काय काय केलं त्याची यादी येते, लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीवर) क्लिक केलं की लेबलची. तिथे मी एकदा शिरले की जेवायची आठवण राहत नाही.

लेबल धरा, ते जास्त टिकाऊ असतं

माणसं कधीकधी पाच वर्षं गायब होतात, लेबल मात्र दुसरं काहीतरी काढत राहतं. लॅब्रडॉर हे स्टॉकहोमचं लेबल, गोड गिटारवालं इंडी पॉप आवडत असेल तर सरळ तिथे मुक्काम करा: द रेडिओ डिपार्टमेंट, क्लब 8, ॲसिड हाउस किंग्ज, सँबॅसडर, द मेरी ऑनेट्स. यातल्या द रेडिओ डिपार्टमेंटवर माझं जरा जास्त प्रेम आहे, लुंड गावची पोरं, 2003 चा लेसर मॅटर्स धुक्यातून आल्यासारखा वाटतो आणि 2010 च्या क्लिंगिंग टू अ स्कीम पर्यंत धुकं थोडं विरळ झालेलं. त्यातला दानियेल तेदर नंतर कोरालरेवेन मध्ये पण आहे, ते ऐकाच, उन्हाळ्याच्या स्वप्नासारखं.

गोथेनबर्गची मंडळी वेगळी. सर्व्हिस आणि सिन्सियरली युअर्स ही दोन लेबलं, दुसरं तर द टफ अलायन्स या बँडनंच काढलेलं. 2000 नंतरच्या दशकात या शहरातून असं म्युझिक निघालं की ऐकताना वाटावं समुद्रकिनाऱ्यावर सूर्य मावळतोय, आणि प्रत्यक्षात बाहेर राखाडी आकाश नि पाऊस, बहुतेक म्हणूनच. द एंबसी, स्टुडिओ, एअर फ्रान्स, जेजे.

आता इथे एक भयंकर अडचण येते ती आधीच सांगते. या लोकांनी नावं अशी ठेवलीत की सर्च करणाऱ्याचा जीव जावा. एअर फ्रान्स टाकलं की विमानाची तिकिटं, स्टुडिओ टाकलं की जगातले सगळे स्टुडिओ, एंबसी टाकलं की व्हिसा, सीईओ नावाचा पण एक आहे, द फील्ड नावाचा पण (हा ॲक्सेल विलनर, 2007 चा फ्रॉम हिअर वी गो सब्लाइम, टेक्नो आवडत नसेल तरी हे आवडेल). उपाय सोपा, बँडच्या नावापुढे लेबलचं किंवा अल्बमचं नाव टाका. जेजे सिन्सियरली युअर्स. स्टुडिओ वेस्ट कोस्ट. लगेच सापडतं.

दुसरी अडचण उच्चाराची. स्वीडिशमध्ये जे हे अक्षर य सारखं बोलतात. कोणी येन्स लेकमन म्हणालं तर टाइप करताना पहिलं अक्षर जे, आणि ब्यॉर्न मध्ये बी नंतर जे. गोथेनबर्गला ते लोक योतेबोरी म्हणतात, लिहितात मात्र जी पासून आणि ओ वर दोन टिंबं देऊन. बँडकॅम्पवर शहराचं नाव टॅग म्हणून टाकताना इंग्लिश आणि स्वीडिश दोन्ही स्पेलिंगं टाकून बघा, निकाल वेगळे येतात. आणि चार शब्द पाठ करा: लोत म्हणजे गाणं, शीवा म्हणजे रेकॉर्ड, शीवबोलाग म्हणजे लेबल, स्पेलनिंग म्हणजे गिग, बँडचा कार्यक्रम. शीवा लिहिताना एस-के-आय येतं, फसू नका.

येन्स लेकमनचं नाव निघालंच आहे तर नाइट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला, 2007. कोर्तेदाला हे गोथेनबर्गचंच एक उपनगर. हा माणूस गोष्ट सांगतो तशी गाणी लिहितो, शब्दांकडे लक्ष देऊन ऐका, हसू येतं आणि मग जरा वेळानं गप्प व्हायला होतं. त्याच शहरातलं लिटल ड्रॅगन, युकिमी नागानोचा आवाज, सिंथ आणि सोल, गोरिलाझ या ब्रिटिश बँडच्या प्लॅस्टिक बीच या अल्बमवर पण आहेत ते.

अगदी ताजं हवं असेल तर

वर सांगितलेलं बरंचसं जुनं झालं, मान्य, पण नवीन ओळखायला जुनं कानात हवं, नाहीतर प्रत्येक गोष्ट नवीनच वाटते. ताज्यासाठी मी तीन गोष्टी करते.

पहिली, रेडिओ. स्वेरियेस रेडिओ हा तिथला सार्वजनिक रेडिओ, जाहिराती नाहीत, त्याचा पी3 हा तरुणांचा चॅनल, ॲपवर आणि वेबसाइटवर ऐकता येतो. भाषा कळत नाही, हरकत नाही, निवेदक बडबडत असतो आणि अधूनमधून कलाकाराचं नाव ऐकू येतं, तेवढं पुरे, गाणं ओळखणारं ॲप हाताशी ठेवा. त्यांचे पी3 गुल्ड पुरस्कार असतात, त्यात भविष्यातला कलाकार अशा अर्थाची एक कॅटेगरी आहे, तिची नामांकनं बघायची, जिंकलेल्यापेक्षा न जिंकलेले बरेचदा भारी असतात. ग्रॅमिस म्हणून दुसरे पुरस्कार आहेत, अमेरिकेच्या ग्रॅमीशी घोळ करू नका, त्यातही इलेक्ट्रो-डान्सची वेगळी कॅटेगरी असते.

दुसरी, चालू लेबलं फॉलो करणं. बँडकॅम्पवर लेबलला फॉलो केलं की नवीन काही आलं की मेल येतो, कुठलाही अंदाज बांधणारा अल्गोरिदम मध्ये नाही. स्टुडिओ बार्नहुस, स्टॉकहोम, ॲक्सेल बोमन, कोर्नेल कोवाच आणि पेटर नोर्डक्विस्ट यांचं, हाउस म्युझिक पण खट्याळ. इयर 0001 हे पण स्टॉकहोमचंच, युंग लीन आणि ब्लेडी यांच्यामुळे गाजलेलं, ऑटोट्यूनमध्ये (आवाज यंत्रानं सुरात आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बुडवलेला उदास रॅप म्हणा किंवा पॉप म्हणा, मला पहिल्यांदा अजिबात झेपलं नव्हतं. एको2के ऐकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तिथून थायबॉय डिजिटल आणि व्हाइटआर्मर, सगळी एकाच टोळीतली, ड्रेन गँग.

तिसरी गोष्ट म्हणजे शुक्रवार. 2015 पासून जगभर नवीन रेकॉर्ड शुक्रवारी येतात, त्यामुळे शनिवारी सकाळी अर्धा तास काढते आणि आठवडाभरात लिहून ठेवलेली नावं उघडते. लिहून ठेवणं महत्त्वाचं, फोनमधली एक साधी नोट, नाव आणि ते कुठून कळलं एवढंच. लाइक केलेल्या गाण्यांच्या ढिगात परत काही सापडत नाही. प्रत्येकाला तीन गाणी द्यायची, एकावर सोडू नका आणि दहा पण ऐकत बसू नका.

स्वीडिश भाषेतलं टाळू नका हेही सांगते, कारण बरेच जण इंग्लिश गाण्यांवरच थांबतात. फमिल्येन नावाचा माणूस दक्षिणेकडच्या स्कोनेच्या बोलीत इलेक्ट्रो करतो, घशातून येणारा र आणि खाली ठोकणारा बेस, शब्द न कळता डोलायला लावतं. साकेर्त म्हणजे अनिका नोर्लिन, जी इंग्लिशमध्ये हॅलो सेफराइड या नावानं गाते, दोन्ही ऐकून बघा, भाषा बदलली की माणूस कसा बदलतो ते कळतं.

आणि शेवटचं, पोस्टर. गोथेनबर्गला ऑगस्टमध्ये वे आउट वेस्ट फेस्टिव्हल असतो, स्लॉत्सकूगेन नावाच्या मोठ्या पार्कात, 2007 पासून, 2012 पासून तिथे जेवण शाकाहारी झालं तेव्हा म्हणे बराच आरडाओरडा झाला होता. जायला जमलं तर उत्तमच, नाही जमलं तरी त्याचं पोस्टर मिळवा आणि वरची मोठी नावं सोडून द्या, ती तुम्हाला माहीतच असतात. फोन झूम करा आणि सगळ्यात खालच्या दोन ओळी, जिथे अक्षरं मुंगीएवढी होतात, तिथून वाचायला लागा.