भुकेला ट्रोल: ओळखीचा राक्षस नव्याने कसा मांडायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या भूमिकाखेळातल्या ट्रोल या राक्षसावर आग चालते, हे टेबलावर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक असतं. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (खेळातल्या राक्षसांचं पुस्तक) त्याचे 84 एचपी, म्हणजे जीवाचे गुण, आहेत. त्याच्या टर्नच्या, म्हणजे पाळीच्या, सुरुवातीला 10 एचपी भरून येतात, पण आग किंवा ॲसिडचं डॅमेज झालं असेल तर त्याच्या पुढच्या टर्नला ते भरणं बंद. घोळ इथेच होतो. फायर बोल्ट हा आगीचा मंत्र कॅन्ट्रिप आहे, म्हणजे हवा तितक्या वेळा वापरता येणारा; त्याला स्पेल स्लॉट (मंत्रांचा मर्यादित साठा) लागत नाही. विझार्डचा (जादूगाराचा) नेम दर राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक राउंड) लागला, तर ट्रोलची सगळ्यात भारी ताकद एकदाही वापरात येत नाही.

तुम्ही खेळ चालवत असाल, तर यावर उपाय म्हणून आगीच्या जागी थंडी किंवा वीज ठेवू नका. खेळाडू एकेक स्पेल वाया घालवत अंदाज बांधत बसतात आणि शेवटी त्यांना फसवल्यासारखं वाटतं, ते योग्यच आहे. त्यांना जे माहीत आहे ते खरं राहू द्या. वेगळा प्रश्न विचारा: तुटलेला हात पुन्हा उगवायला मांस येतं कुठून? पोटातून. म्हणजे हा प्राणी आयुष्यभर भुकेला. बाकीचे नियम त्या भुकेतून काढा.

ट्रोलला 6 टोकन द्या; कॅरमच्या सोंगट्या चालतील. टर्नच्या सुरुवातीला 10 एचपी भरायचे तर 1 टोकन जातं. मागच्या टर्ननंतर आग किंवा ॲसिड लागलं असेल तर 2. शून्य एचपीवर असताना टोकन पुरत असतील तर तो 10 एचपी घेऊन उठतो, नसतील तर मरतो. माणसाएवढा किंवा मोठा मृतदेह खाल्ला की 2 टोकन परत मिळतात, पण त्यात त्याची अख्खी ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, जाते आणि एका देहातून एकदाच. खाणं बोनस ॲक्शनवर (मुख्य कृतीशिवाय मिळणारी छोटी कृती) ठेवलंत तर लढाई संपता संपत नाही.

हिशोब करून पाहा. पार्टी, म्हणजे खेळाडूंचा गट, आधी खेळते आणि राउंडला 30 डॅमेज करते असं धरा. दर राउंडला आग लागली तर ट्रोल चौथ्या राउंडला मरतो, आगीशिवाय सातव्या. सात राउंड लांबतील असं वाटलं तर 4 टोकन घ्या. मग आगीने चौथा, आगीशिवाय पाचवा. डॅमेज मात्र वाढवू नका. दोन पंजे आणि चावा सगळे लागले तर सरासरी 29 होतातच. चौथ्या-पाचव्या लेव्हलखालच्या विझार्डला ते झेपत नाही. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी एकटा ट्रोलही जीवघेणा ठरतो.

आता वागणूक, आणि खरी मजा इथेच आहे. त्याचं नाक तीक्ष्ण आहे, तेव्हा तो पॅलाडिन योद्ध्यावर न जाता आधी खेचरावर जातो, शिध्याच्या पिशव्या फाडतो. 2 टोकन उरली की हाताला लागेल ते ओढून पळ काढतो. खेळाडूंसमोर नवे मार्ग उघडतात: मृतदेह जाळून टाकणं, शिळं मांस आमिष म्हणून ठेवणं, त्याला दोन दिवस उपाशी ठेवून मग गाठणं. उपाशी ट्रोलची सुरुवात 2 टोकनांवर करा.

हे सगळं खेळाडूंना आधी कळायला हवं. किमान तीन खुणा पेरा, कारण एखादी हमखास निसटते: मगज शोषून टाकलेली हाडं, साल ओरबाडून खाल्लेली झाडं, गुरं गमावलेल्या गावकऱ्याने सांगितलेलं की तो आला तेव्हा हाडकुळा होता, गेला तेव्हा नाही.

लढाईत टोकन लपवलीत तर खेळाडूंना ट्रोल अमर वाटतो आणि ते हात टेकतात. सोंगट्या टेबलावर उघड्या ठेवा, किंवा प्रत्येक टोकनासरशी वर्णन बदला: जखम मिटते, पण बरगड्या वर येतात, गाल आत जातात. शेवटच्या टोकनाला नवा उगवलेला पंजा लहान मुलाच्या हाताएवढाच असू द्या.