चवथीच्या माटोळीला परसातलाच घड हवा असेल तर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या माटोळीला बांधायचा केळीचा घड आपल्याच परसातला असावा, असे गोव्यात कोणाला वाटत नाही? पण या हौसेपायी चवथ जवळ आली की कोवळे घड कापले जातात. असा घड नीट पिकत नाही, काळा पडून सुकतो. म्हणून तारखेपेक्षा फळाकडे बघा.

केळ निसवल्यापासून, म्हणजे केळफूल बाहेर पडल्यापासून, घड तयार व्हायला साधारण ३ ते ४ महिने लागतात, आणि पावसाळी ढगाळ हवेत आणखी काही दिवस. म्हणजे मे महिन्यात केळफूल दिसलेल्या केळीवर माटोळीची आशा ठेवावी. जुलैत निसवलेली केळ दिवाळीच्या सुमाराची आहे, तिला हात लावू नका. तयार केळ्याच्या कडा बुजून ते गोलसर होते आणि टोकाची सुकलेली फुले हात लावताच गळतात. घड उतरवताना दोघे असा. एकाने घड धरायचा, दुसऱ्याने दांडा थोडा लांब ठेवून कापायचा. घड जमिनीवर आपटला की मार लागलेली केळी आधी कुजतात. चीक गळून जाईपर्यंत तो सावलीत टांगून ठेवा. पिकवायला भाताचे तण, म्हणजे पेंढा, पुरते. कार्बाइडने फळे पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे, आणि घरच्या फळाला ते हवेच कशाला!

पावसाळ्यात मोठा धोका वाऱ्याचा. भरलेल्या घडाची केळ एका झोतात आडवी होते. दोन बांबू कात्रीसारखे बांधून, केळ झुकली असेल त्या बाजूने मानेखाली टेकू द्या. बांबू फळांना घासू नये. बुंध्याला मातीची भर घाला आणि पाणी वाहून जायला चर काढा, कारण साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात. खत मुसळधार पावसात वाहून जाते, तेव्हा उघडीप बघून थोडे थोडे घाला. चुलीची राख असेल तर तीही घाला, केळीला राखेतले पालाश (पोटॅश) भरपूर लागते. शेवटची फणी सुटली की केळफूल काढून भाजी करा, घड चांगला भरतो.

मुनव्यांच्या, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांच्या, बाबतीत मात्र मन घट्ट करावे लागते. अरुंद, तलवारीसारख्या पानांचा एकच जोमदार मुनवा ठेवा, बाकीचे काढा. रुंद पानांचे पाणमुनवे लावणीलाही घेऊ नका. रसबाळी जातीच्या केळीला मर रोग लवकर लागतो. जिथे ती मेली तिथे पुन्हा रसबाळी लावू नये. साळदाटी किंवा मयड्याची या जातींची केळ शेजाऱ्याकडून आणाल तेव्हा आधी त्याचे पूर्ण बेट बघून घ्या. पाने आखूड, अरुंद होऊन शेंड्याला झुपका झाला असेल तर तो पर्णगुच्छ रोग आहे. हा विषाणू मावा पसरवतो आणि त्यावर औषध नाही. आधी साबणाचे पाणी फवारून मावा मारा, मग कंदासकट बेट उपटून नष्ट करा. अशा बेटातला मुनवा कोणालाही देऊ नका. शंका असेल तर तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात फोटो दाखवा.

घड उतरवल्यावर खोड लगेच मुळापासून तोडू नका. त्यातला रस पुढच्या मुनव्याला मिळतो, म्हणून कमरेएवढे ठेवा आणि ते उरलेले काही आठवड्यांनी काढा. तोडलेले तुकडे मात्र बुंध्याशी कुजत ठेवू नयेत, तिथे सोंडकिडा घर करतो.