ठासणीची बंदूक: दारू आणि छर्रे अंगावर बाळगताना या चुका टाळा

अमेरिकेत शिकारीचा परवाना काढून ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या, दुनळीकडे वळणारी मराठी मंडळी भेटली की चौकशी बंदुकीचीच करतात. किती बोअरची घ्यावी, जुनी घ्यावी की नव्याने घडवलेली? दारू कशातून न्यायची, छर्रे कुठल्या बाजूला अडकवायचे, हे कुणी विचारत नाही. अपघात मात्र तिथेच होतात. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आहे. कोकणात घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असली, तरी हा लेख त्या कामासाठी नाही.)

फ्लास्कमधून थेट नळीत दारू ओतणे

ही चूक मला अजिबात खपत नाही. जुन्या धाटणीच्या पितळी फ्लास्कला माप असलेली तोटी असते. खटका दाबला की मापभर दारू बाहेर पडते, म्हणून नवखा माणूस तोटी सरळ नळीच्या तोंडाला लावतो. पण नुकताच बार झालेल्या नळीत चकतीचा (दारूवर आणि छर्र्यांवर ठासतात त्या पुठ्ठ्याच्या किंवा नमद्याच्या गोल तुकड्याचा) धुमसता कण राहिलेला असू शकतो. त्यावर मापातली 75 ग्रेन (सुमारे पाच ग्रॅम) दारू पडली तर भडका उडतो, हात भाजतो. फ्लास्क जोडलेला असेल तर आग वर चढते, आणि आठ औंसांच्या भरलेल्या फ्लास्कमध्ये 3500 ग्रेन दारू असते. म्हणजे 46 बारांची दारू तुमच्या मुठीत. तोटीची झडप ती आग अडवेल या भरवशावर बोटं गमावू नका.

मी फ्लास्कमधून दारू आधी सुट्या मापात घेतो, फ्लास्क बंद करून पाठीमागे ढकलतो आणि मगच माप नळीत रिकामं करतो. चेहरा बाजूला. यात काही सेकंद जास्त जातात. ज्याला ते परवडत नाहीत त्याने काडतुसाची बंदूक घ्यावी, ठासणीच्या वाटेला जाऊ नये.

छर्र्यांनाही तेच माप वापरावं. बारा बोअरला 75 ग्रेन दारूचं माप शिशाच्या छर्र्यांनी भरलं की साधारण सव्वा औंसाला थोडे कमी, म्हणजे 1⅛ औंस छर्रे बसतात. माप एकच असलं की घाईत गोंधळ होत नाही.

एक नळी झाडली, दुसरी भरलेली

आयोवात मक्याच्या कापलेल्या शेतांच्या कडेने फेझंट शोधत होतो. बरोबर पुण्याकडचा एक तरुण होता, दुनळी नवीन, उत्साह भरपूर. पक्षी उठला, त्याने उजवी नळी झाडली, पक्षी निसटला. दुसरा उठेल म्हणून तो लगबगीने भरायला लागला. मी पोचलो तेव्हा गजाने, म्हणजे ठासायच्या लांब दांड्याने, ठासून झालं होतं, आणि डाव्या नळीवर केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) तशीच, घोडा ओढलेला. एवढा वेळ हात त्या नळीच्या तोंडावरून फिरत होता.

मी घोडा सावकाश उतरवायला लावला, केप काढायला लावली. मग त्याने विचारलं, "दादा, मी उजवीच भरली ना?"

गज उजव्या नळीत सोडला, तळाशी लोखंडावर ठण्ण वाजला. रिकामी. डाव्या नळीत सोडला तर गजावरची खूण, जी एका भाराला नळीच्या तोंडाशी यायला हवी, चार बोटं वर राहिली. भरलेल्या नळीवर दुसरा पूर्ण भार. तो बार उडाला असता तर नळी टिकली असती की नाही, कोण सांगणार? गजाच्या टोकाला स्क्रू लावून एकेक चकती उपसत, छर्रे आणि दारू काढत उरलेली संध्याकाळ गेली.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा. आधी भरलेल्या नळीचा घोडा उतरवून केप काढायची. मग गज त्याच नळीत टाकायचा आणि नवी दारू ओतेपर्यंत तिथेच राहू द्यायचा. गज आत असलेल्या नळीत कुणी चुकून दारू ओतत नाही. शिवाय शेजारच्या बाराच्या धक्क्याने वरची चकती सरकून छर्रे पुढे आले असतील तर तेही लगेच कळतं. दारू आणि छर्रे यांच्यात मोकळी जागा राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. गजावर भरलेल्या नळीची खूण नसेल तर आजच कोरून घ्या.

झटपट नळकांडी

एका टोकाला दारू आणि दुसऱ्याला छर्रे असलेली प्लॅस्टिकची नळकांडी बाजारात मिळतात. मला ती आवडत नाहीत. थंडीत बोटं बधिर झाली की माणूस उलटं टोक आधी उघडतो आणि छर्रे दारूच्या आधी नळीत जातात. चकती ठासण्याआधी लक्षात आलं तर बंदूक उलटी करून सुटका होते, नाहीतर पुन्हा स्क्रू. वापरायचीच असतील तर दारूच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा.

बाकीच्या चुका

छर्रे प्रमाणात न्या. दोन पौंडांत 28 बार होतात, दिवसाला पुरून उरतात. छर्र्यांची पिशवी एका कुशीला आणि फ्लास्क दुसऱ्या, म्हणजे वाकताना दोन्ही एकमेकांवर आपटत नाहीत.

बदकांसाठी 1991 पासून अमेरिकेत सगळीकडे शिशाला बंदी आहे. जुन्या नळीत पोलादी छर्रे घालू नका, बिस्मथ या धातूचे घ्या. बिस्मथ हलकं असतं, तेच माप भरलं तरी वजन साधारण एक औंस येतं.

केप सुट्या खिशात नकोत, आणि दारूच्या पिशवीत तर मुळीच नकोत. धुराविना जळणारी आधुनिक दारू या बंदुकीत कधीही भरायची नाही, एक चिमूटसुद्धा नाही.

दुसऱ्या राज्यात विमानाने जात असाल तर दारू आणि केप कुठल्याच सामानात चालत नाहीत, चेक-इनमध्येही नाही. फ्लास्क रिकामा करून आतून नीट पुसून न्या आणि दारू तिथे पोचल्यावर दुकानातून विकत घ्या.