ट्यूब नवी, पट्टी जुनी: घरच्या वर्कशॉपमध्ये एलईडी लावताना या चुका टाळा

जुनी ट्यूब काढली, एलईडी ट्यूब खोचली, बटण दाबलं, उजेड पडला. इथेच बहुतेक जण काम झालं असं धरून चालतात. बसायच्या खोलीत ते खपूनही जातं. पण जिथे करवत फिरते, लेथ चालतो आणि पटाशीची धार डोळ्यांनी जोखावी लागते, तिथे नंतर तक्रारी सुरू होतात. लुकलुक, डोळे दुखणं, महिन्याभरात गेलेली ट्यूब, नको तिथे पडणारी सावली. बहुतेकांचं मूळ एकच असतं: ट्यूब बदलली, पण पट्टीतलं, म्हणजे ट्यूब बसवायच्या फिटिंगमधलं वायरिंग आणि दिव्याची जागा जुन्याच ट्यूबच्या हिशेबाने राहिली.

चोकचं काय करायचं, हे न ठरवताच ट्यूब आणणं

फ्लुरोसंट ट्यूबमधला वायू एकदा पेटला की करंट वाढतच जातो. त्याला आवर घालायला चोक लागतो. एलईडी ट्यूबमध्ये ते काम तिच्या पोटातला ड्रायव्हर (करंट सांभाळणारं सर्किट) करतो, म्हणून चोकला काही कामच उरत नाही. तरीही काही एलईडी ट्यूब जुन्या चोकसह चालतील अशा बनवलेल्या असतात, काहींना चोक वगळून थेट मेन्स, म्हणजे घरची वीज द्यावी लागते, काही दोन्हीकडे चालतात आणि काहींचा ड्रायव्हर बाहेर वेगळा बसवायचा असतो. कोणती कशी, हे सोबतच्या कागदावरच्या आकृतीत असतं. तो कागद खोक्याबरोबर कचऱ्यात जातो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

थेट मेन्सवर चालणारी ट्यूब इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्टीत बसवली, तर चोकमधून येणारं उच्च फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज तिच्या ड्रायव्हरला सोसत नाही. ती लागत नाही, लुकलुकते किंवा जळते. लोखंडी चोक असेल आणि ट्यूब त्याच्यासह चालणारी असेल, तर जुना स्टार्टर काढून ट्यूबसोबत आलेला डमी स्टार्टर लावायचा असतो. तो विसरला की ट्यूब एकतर लागत नाही, नाहीतर धड चालत नाही.

माझं स्पष्ट मत: पट्टी उघडलीच आहे तर चोक, स्टार्टर आणि असलाच तर कॅपॅसिटर, सगळं काढून टाका आणि थेट मेन्सवरची ट्यूब लावा. चोक ठेवला तर तो थोडी वीज खातो, गुणगुणतो आणि कधीतरी स्वतःच बिघडतो. कॅपॅसिटरला मात्र लगेच हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, तो आधी उतरवावा लागतो.

होल्डर न तपासता वायर जोडणं

सगळ्यात धोक्याची चूक ही. थेट मेन्सवरच्या ट्यूबमध्ये दोन प्रकार आहेत. एकात फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाच्या दोन पिनांवर येतात, दुसऱ्यात एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल. काही जुन्या पट्ट्यांच्या होल्डरमध्ये दोन्ही संपर्क आतूनच एकमेकांना जोडलेले असतात. अशा होल्डरवर एका टोकाने चालणारी ट्यूब जोडली की फेज-न्यूट्रल सरळ शॉर्ट होतात. वीज बंद करून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि रिकाम्या होल्डरच्या दोन संपर्कांना टोकं लावा. बीप वाजली तर होल्डर बदला.

दोन टोकांनी चालणारी ट्यूब चालू पट्टीत बसवू नका. एक टोक आत गेलेलं असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांना बोट लागलं, तर झटका बसू शकतो. वीज बंद करायची ती एमसीबीवरून (बोर्डातल्या, ताण आला की आपोआप पडणाऱ्या स्विचवरून), नुसत्या भिंतीवरच्या बटणाने नाही. बटण न्यूट्रलवर जोडलेलं असेल तर ते बंद करूनही पट्टीत फेज असतोच. पत्र्याच्या पट्टीला अर्थिंग आहे ना, तेही याच वेळी पाहून घ्या. वायरिंगची सवय नसेल तर हा भाग वायरमनकडूनच करून घ्यावा.

चोक काढलेल्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘चोक नाही, फक्त एलईडी.’ पुढे कोणी त्यात जुन्या प्रकारची ट्यूब खोचू नये म्हणून.

लुकलुक डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती नाहीच असं मानणं

५० हर्ट्झच्या विजेवर ड्रायव्हर हलक्या प्रतीचा असेल, तर उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. जुन्या ट्यूबमध्येही हे होतं, पण तिच्या आतल्या पावडरचा उजेड किंचित रेंगाळायचा. एलईडीत मात्र करंट तुटला की उजेड जवळजवळ त्याच क्षणी जातो. आता लेथवरचा चार जबड्यांचा चक (काम पकडून फिरवणारा भाग) मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतोय असं समजा. सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणजे उजेडाच्या दोन झोतांमध्ये बरोबर पाव फेरी. प्रत्येक झोतात पुढचा जबडा मागच्याच्या जागी आलेला दिसतो आणि फिरता चक थांबल्यासारखा भासतो. तिथे हात गेला तर काय होईल हे सांगायला नको.

तपासणं सोपं आहे. एखादी चकचकीत बारीक सळई दिव्याखाली झपाट्याने हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. सुट्यासुट्या सळया दिसल्या तर ती ट्यूब मशीनजवळ नको. मोबाइलच्या स्लो मोशनमध्येही लुकलुक पकडता येते.

याच्याशीच जोडलेली आणखी एक चूक: दिवे आणि करवत एकाच एमसीबीवर. लाकडात पातं अडखळलं, मोटरवर ताण येऊन एमसीबी पडला, की खोलीत अंधार आणि पातं अजून फिरतंय. दिव्यांचं सर्किट वेगळंच हवं. मोटर सुरू होताना दिवे दबतात ही तक्रारही त्याने बरीच कमी होते.

वॅट पाहून उजेड मोजणं

खोक्यावर ल्युमेन पाहा, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो तो आकडा. चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन देते. हा आकडा ३६ वॅटच्या जुन्या ट्यूबपेक्षा कमी आहे, पण जुनीचा बराच उजेड वर पट्टीकडे जाऊन वाया जायचा. एलईडीचा बहुतेक उजेड खालीच पडतो. युरोपातलं ईएन १२४६४-१ हे मानक लाकूडकामाच्या बाकावर ३०० आणि लाकूडकामाच्या मशीनवर ५०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) मागतं. २० चौरस मीटरच्या खोलीत ५०० लक्स म्हणजे कामाच्या पातळीवर १०,००० ल्युमेन. भिंती आणि धूळ यांनी खाल्लेला उजेड धरला तर सात-आठ ट्यूब लागतात. जुन्या दोन पट्ट्यांत नुसत्या नव्या ट्यूब खोचून हे जमणार नाही.

जागेचंही तेच. छताच्या मधोमध दिवा आणि भिंतीला टेकलेलं बाक, म्हणजे आपलीच सावली कामावर. एक ओळ बाकाच्या पुढच्या कडेच्या वर, डोक्याच्या किंचित पुढे घ्या. उघड्या एलईडीपेक्षा दुधी आवरणाची ट्यूब बरी, नाहीतर तासलेल्या धातूवर उजेडाचे ठिपके चमकतात.

उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात. ६५०० केल्विनचा निळसर उजेड ‘जास्त उजळ’ वाटतो म्हणून घेतला जातो. ४००० ते ५००० बरा. लाकडाला पॉलिश किंवा रंग करत असाल तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९०च्या पुढचा घ्या. ८०च्या ट्यूबखाली लालसर छटा मरगळलेल्या दिसतात.

लावून झाल्यावरच्या तक्रारी

बंद केल्यावरही ट्यूब मंद तेवत राहते? बटण न्यूट्रलवर आहे किंवा बटणातच इंडिकेटर दिवा आहे. पहिल्या बाबतीत बटण फेजवर घ्या. ट्यूब लवकर जाते? पट्टी बंदिस्त असेल किंवा वर भुशाचा थर साचला असेल, तर ड्रायव्हर तापून मरतो. दिवा लावला की रेडिओ खरखरतो? ड्रायव्हर स्वस्तातला आहे; ट्यूब बदलण्याशिवाय फारसा इलाज नाही.

काढलेल्या जुन्या ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नका, त्यांत पारा असतो. त्या ई-कचऱ्यात द्या. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा, मग तुकडे जाड कागदाने गोळा करा आणि बारीक चुरा ओल्या कापडाने टिपून घ्या. वर्कशॉपचा व्हॅक्यूम मात्र त्यावर फिरवू नका, त्याने पारा हवेत पसरतो.