फ्रेंच राजपुत्राचं जुनं तैलचित्र कोकणातल्या पावसाळ्यात कसं सांभाळावं

सर्वांत आधी छातीवरचा पट्टा बघा. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरणारा फिकट निळा रेशमी पट्टा आणि आठ टोकांच्या क्रॉसवर कबूतर असेल, तर ते फ्रान्सचा राजा तिसऱ्या हेन्रीने 1578 मध्ये सुरू केलेल्या ‘पवित्र आत्मा’ या सन्मानाचं चिन्ह. इतर सरदारांना तो मोठेपणी मिळे, राजाच्या मुलांना मात्र तान्हेपणीच. त्यामुळे पट्टा घातलेलं लहान मूल दिसलं, तर ते बहुधा राजघराण्यातलं. पट्टा हिरवट दिसला म्हणून तो दुसऱ्याच कुठल्या सन्मानाचा समजू नका. वरचं वार्निश पिवळं पडलं की खालचा निळा हिरवा भासतो.

हा हिरवटपणा घालवायला घरी साबण, सोडा, लिंबू, बटाटा काहीही लावू नका. 18व्या शतकातल्या चित्रांत प्रशियन निळा रंग सर्रास सापडतो. साबण-सोड्यातला क्षार लागला की तो तपकिरी होतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. शिवाय बारीक भेगांतून पाणी शिरलं की कॅनव्हासवरचा सरसाचा थर फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. खोबरेल तेलानं चार दिवस चकाकी येते, मग त्यावरच धूळ चिकटून बसते.

जांभ्याच्या भिंती पावसात ओल धरतात. म्हणून पावसाची झड बसणारी बाहेरची भिंत टाळून चित्र आतल्या भिंतीवर लावा. देवघरातल्या समईची काजळीही लांबच बरी. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मागून 2-3 सेंटिमीटर जाडीची बुचं चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळेल. खोलीत हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. आर्द्रता 45 ते 60 टक्के असावी. 70 च्या वर राहिली की बुरशी धरते. जून ते सप्टेंबर दारं-खिडक्या लावून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) सलग चालवा. रात्रीपुरता एसी लावून सकाळी बंद करणं सर्वांत वाईट, कारण कॅनव्हास रोज ताणतो-सैलावतो आणि रंगाला ते सोसत नाही. कॅनव्हास सैल दिसला तरी मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या, कापड ताणणाऱ्या पाचरी ठोकू नका. जुनं कापड खिळ्यांच्या रेषेवरच फाटतं.

पृष्ठभागावर पांढुरकं काही दिसलं तर टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा पाडा. कापसासारखं उठून दिसलं तर बुरशी. सपाट निळसर धुकं असेल तर ओलीनं वार्निश धुरकटलंय. बुरशी असल्यास मास्क लावून चित्र कोरड्या खोलीत हलवा, चार-पाच दिवस सुकू द्या, मग रंग घट्ट असेल तरच अगदी मऊ, कोरड्या ब्रशने धूळ व्हॅक्युमच्या नळीकडे लोटा. गाद्या, पापडांसारखं चित्र उन्हात घालू नका: भरभर सुकताना रंग तडकतो. मागे डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेनं वार्निश मऊ पडतं. सोनेरी चौकटीला ओलं फडकं लागलं तर मुलामाच निघून येतो.

पोपडे सुटू लागले असतील तर चित्र तोंड वर करून आडवं ठेवा, हात लावू नका आणि संवर्धकाला (जुनी चित्रं दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाला) बोलवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. तिथे चौकशी करता येईल. चित्र न्यायचंच झालं तर पाऊस पूर्ण ओसरल्यावर, घट्ट बांधून न्या: रंग घट्ट असेल तर उभं, पोपडे सुटत असतील तर आडवंच. वार्निश काढायचं ठरलं तर पहिली चाचणी काठावरच्या एक सेंटिमीटर चौकोनात करायला सांगा, पट्ट्याच्या निळ्यावर नको.