लेदर बॅगेवर ओरखडा पडला? निदान या चुका तरी करू नका

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बॅगा दोन प्रकारच्या. काहींवर नुसता ओरखडा असतो. काहींवर ओरखडा पडलेला असतो आणि त्यावर घरात जे हाताला लागलं ते चोळलेलं असतं. पहिली बॅग बहुधा अर्ध्या तासात उरकते. दुसरीला दोन-दोन दिवस जातात, आणि काही तर मला तशाच परत द्याव्या लागतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण चांगल्या चामड्याची बॅग नीट वापरली तर पंधरा-वीस वर्षं सहज टिकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हातात कुठलं लेदर आहे हे न बघताच उपाय सुरू करणं.

ऑफिसला नेण्याच्या बहुतेक बॅगांच्या चामड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर. पाण्याचा थेंब टाकला तर तो वर मोत्यासारखा बसून राहतो. ज्या चामड्याला नुसता मुरणारा रंग दिलेला असतो, वर थर नसतो, ते ॲनिलिन लेदर. त्यात थेंब शिरतो आणि तेवढी जागा गडद होते. तिसरं म्हणजे मेण-तेल मुरवलेलं, ज्याला बाजारात पुल-अप म्हणतात. ते वाकवलं की तिथला रंग फिका पडतो, आणि त्यावर नखाची रेघसुद्धा उमटते. हिरडा, बाभळीची साल अशा वनस्पतींनी कमावलेलं चामडंही असतं. कोल्हापुरी चपलांचं असतं तसं. ते पाणी पटकन पितं आणि डाग धरून ठेवतं. थेंबाची ही परीक्षा बॅगेच्या तळाला किंवा पट्ट्याच्या मागे करा, समोर नको. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढं थांबायची कुणाची तयारी नसते.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी आली. तपकिरी बॅग, वडिलांनी नोकरी लागल्यावर घेऊन दिलेली. समोरच्या फ्लॅपवर लिंबाएवढा राखाडी, खरखरीत डाग. विचारलं तर म्हणाली, "ताई, लिफ्टच्या दाराला घासली. पांढरा ओरखडा आला होता. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसला." कापसावर तपकिरी रंग उतरायला लागला, तो तिला मळ वाटला. मळ निघतोय म्हणून ती आणखी चोळत राहिली. रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने आधी वरचा पारदर्शक थर विरघळला, मग रंग, आणि खालचं उघडं चामडं दिसायला लागलं.

मी भिंगातून त्या डागाची कड पाहिली. एका टोकाला मूळच्या पांढऱ्या रेघेचा जरासा भाग शिल्लक होता. ओलसर फडक्याने पुसला तर निघून गेला. तो ओरखडा नव्हताच. लिफ्टच्या दाराचा रंग बॅगेला लागला होता, खालचं लेदर शाबूत होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले.

ती बॅग मी केली. हजार नंबरच्या पॉलिश पेपरने डागाची कड अगदी हलक्या हाताने सपाट केली. पिवळा, लाल, काळा मिसळून तपकिरी जुळवण्यात अख्खी दुपार गेली, कारण ओला रंग वेगळा दिसतो आणि वाळल्यावर वेगळा. मग स्पंजने टिपत सात पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन, आणि शेवटी संरक्षक थर. लांबून कळत नाही, जवळून मला कळतं. खरं तर पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने भागणारं काम होतं ते.

म्हणून माझी सवय अशी: कुठलाही ओरखडा आधी कोरड्या मऊ सुती कापडाने पुसायचा, मग ओलसर कापडाने, आणि वाळेपर्यंत थांबायचं. बॅग खिडकीशी न्यायची, ट्यूबलाइटखाली नाही. रेघेवरून आडवं नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर इजा वरच्या थरातच आहे. अडकलं तर खाली गेली आहे. एवढं झाल्याशिवाय मी कुठली बाटली उघडत नाही.

आता खोबरेल तेलाबद्दल. हा उपाय घराघरात आहे आणि प्रेमाने सांगितला जातो, त्यामुळे तो मोडून काढणं अवघड. लावल्या लावल्या ओरखडा खरोखर दिसेनासा होतो, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो. होतं काय, तर फाटलेले फिके तंतू तेलाने गडद होतात, पाण्याने होतात तसेच. ते बरे झालेले नसतात. तेल मात्र तिथे थांबत नाही, आजूबाजूला पसरतं. फिकट रंगाच्या बॅगेवर कायमचा गडद ढग उमटतो, त्यावर धूळ बसते, काही महिन्यांनी खवट वास यायला लागतो. आणि आपल्याकडचा पावसाळा! जुलैत बंद कपाटात ठेवलेल्या तेलकट बॅगेवर मी बोटभर रुंदीचे बुरशीचे पट्टे पाहिले आहेत, नेमके तेल चोळलं होतं तिथेच. ऑलिव्ह तेल लावलं म्हणून वेगळं काही होत नाही.

तेल नुकतंच लावलं असेल तर त्या जागेवर कॉर्नफ्लोअर जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झटका. बरंचसं ओढलं जातं. महिना झाला असेल तर मीही ते पूर्ण काढू शकत नाही.

लावायचंच असेल तर लेदरसाठीच केलेलं, मधमाशीच्या मेणाचं, बिनरंगी क्रीम घ्या. आधी लपलेल्या जागी लावून एक दिवस बघा. मग मुगाच्या दाण्याएवढं बोटावर घेऊन गोल गोल फिरवा आणि बॅग दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवा. एकाच बैठकीत चार वेळा लावणारे लोक मला भेटतात. चामडं जेवढं पिणार तेवढंच पितं, बाकीचं वर चिकट थर होऊन बसतं.

बुटाचं रंगीत पॉलिश बॅगेला लावू नका. बूट कपड्यांना घासत नाही, बॅग दिवसभर कमरेला घासते. फिकट कुर्त्यावर तो रंग उतरतो. टूथपेस्ट हा बारीक घासणारा पदार्थ आहे, त्याने ओरखडा जात नाही, भोवतालची चमक जाते. काळ्या मार्करने भरलेली रेघ उन्हात जांभळट दिसते. बाळाचे वाइप्स एकदा वापरून काही बिघडत नाही, रोज वापरले तर वरचा थर निस्तेज होतो. झटपट चिकटणारा गोंद वाळून काचेसारखा कडक होतो, बॅग वाकली की त्याच्या कडेने नवी भेग पडते.

हेअर ड्रायरचा सल्ला अर्धवट खरा आहे. पुल-अप लेदरमधलं मेण उबेने हलतं आणि रेघ भरते, पण त्याला तळहाताची ऊब पुरते. मी अंगठ्याने मिनिटभर चोळते, बास. ओल्या चामड्यावर गरम हवा मारली तर ते आकसतं आणि कडक होतं; ते पुन्हा मऊ होत नाही. पावसात भिजलेली बॅगही पंख्याखालीच वाळवायची, उन्हात नाही.

स्वेड आणि नुबक, म्हणजे मखमलीसारखा स्पर्श असलेलं लेदर, त्याला क्रीम चालत नाही, मऊ ब्रश आणि साधा खोडरबर वापरा. चकचकीत पेटंट लेदरवर प्लॅस्टिकसारखा थर असतो, त्यात क्रीम मुरणारच नाही. आणि पापुद्रे सुटत असतील तर ते बहुतेक वेळा रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे कृत्रिम लेदर असतं, नाहीतर चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं बॉन्डेड लेदर. त्यावर कुणी पैसे घ्यायला लागलं तर देऊ नका.

स्वतः रंग द्यायचा ठरवलंच, तर आधी चामड्याच्या तुकड्यावर हात बसवा. मुंबईत असाल तर धारावीत सायन-वांद्रे लिंक रोडला लेदरची दुकानं ओळीने आहेत, तिथे कातरण मिळू शकतं. आठ दिवस त्यावर रेघा ओढा आणि भरा. रंग नेहमी एक छटा फिका ठेवून सुरुवात करा. गडद करणं सोपं, फिकं करणं फार कठीण. पहिलाच प्रयोग आईने दिलेल्या बॅगेवर करणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, नका करू.

खोल चीर असेल, आतले तंतू दिसत असतील, किंवा ती पट्ट्याच्या शिवणीजवळ असेल, तर घरी काहीच करायचं नाही. निघालेली चामड्याची चिंधी कापून टाकू नका, ती खालून चिकटवून परत बसवता येते. तेवढी जागा मलमलच्या कापडात सैल गुंडाळा, सेलोटेप अजिबात नको, आणि बॅग तशीच कारागिराकडे न्या. आधी काही लावलं असेल तर ते त्याला खरंखरं सांगा. तेल की पॉलिश की आणखी काही, हे कळलं तर तो साफसफाईपासून सुरुवात करेल. नाही कळलं तर त्याचा रंग आठवड्यात सोलून निघेल.