कोरियातली बंदरं बघायची असतील तर आधी समुद्र ठरवा

पुण्यातून कोरियाला जाणारे बहुतेक जण सोलमध्ये पाच दिवस आणि बुसानला एक धावती चक्कर असा प्लॅन करतात, आम्हीही पहिल्या खेपेला तेच केलं आणि परत आल्यावर चुटपुट लागून राहिली. म्हणून सांगतो, गावांची यादी करत बसू नका, आधी कुठला समुद्र बघायचा ते ठरवा, कारण तिथले तीनही किनारे एकमेकांपासून पार वेगळे आहेत.

पश्चिमेचा समुद्र भरती-ओहोटीचा. इंचॉनला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात ९ मीटरच्या आसपास फरक पडतो, आपल्या मुंबईत पाचेक मीटर असतो त्यावरून अंदाज करा. त्यामुळे तिथे आतल्या गोदीत जहाज घ्यायला मोठे दरवाजे बांधलेत, ते वोल्मीच्या टेकडीवरून छान दिसतात. जाण्याआधी भरतीची वेळ बघून ठेवा, नाहीतर नुसता चिखल बघून परत याल. सोलहून १ नंबरच्या मेट्रोने शेवटच्या स्टेशनला उतरलं की समोरच चायनाटाउन, त्यामुळे इथे मुक्काम नाही केला तरी चालतं.

दक्षिणेला बुसान, योसू, तोंग्यॉंग, सगळी बेटाबेटांची किनारपट्टी. बुसानला सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने अडीच-तीन तास लागतात, पण किमान दोन रात्री ठेवाच. १९५० च्या उत्तर-दक्षिण कोरिया युद्धात हे शहर तात्पुरती राजधानी होतं आणि लाखो निर्वासित इथे येऊन थडकले, डोंगरउतारावर एकावर एक चढलेली घरं दिसतात ना, त्यातली कितीतरी वस्ती त्याच काळातली. सकाळी लवकर जागाल्ची मासळीबाजारात जा. रबरी बूट घातलेल्या आज्या टबातले जिवंत मासे हातात धरून दाखवतात, खाली मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर बसून खायचा, टेबलाचे वेगळे पैसे लागतात ते आधीच विचारून घ्या. महिन्यातले काही मंगळवार इमारत बंद असते, तेही बघा. तोंग्यॉंगला रेल्वे नाही, बसच. तिथला चुंगमू गिंबाप आवर्जून खा, नुसता भात समुद्री शेवाळात गुंडाळलेला आणि माकूळ, मुळा बाजूला वेगळा, कारण आत भरलं की बोटीवर उन्हात खराब व्हायचं.

माझं मन मात्र पूर्वेला सोक्चोमध्ये अडकलंय. सोलहून बसने अडीच तास. पाणी खोल आणि निळंशार, भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आता उत्तर कोरियात असलेल्या हामग्यॉंगहून त्याच युद्धात पळून आलेली माणसं, चार दिवसांत घरी परतू म्हणून इथल्या वाळूवर राहिली आणि सीमा बंद झाली ती कायमची, त्यांची वस्ती म्हणजे आबाई गाव, आबाई म्हणजे त्यांच्या बोलीत आजोबा. तिथे जायला एक चपटी होडी आहे, इंजिन नाही, पाण्यावरून ताणलेली लोखंडी तार आकड्याने पकडून प्रवाशांनीच ओढायची. मीही ओढली, दोन-तीन मिनिटांत पलीकडे पोचतो, पण तार ओढताना हाताला जो गारठा लागतो तो अजून आठवतो.

आता शाकाहारी मंडळींसाठी. सासूबाई सोबत होत्या आणि एका खानावळीत "मांस नाही" असं विचारून मागवलेलं सूप निघालं सुक्या माशांच्या पाण्यातलं, त्यांना खूप वाईट वाटलं, आणि चूक माझीच होती, मी नीट विचारलंच नव्हतं. मांस नको म्हटलं की मासे नकोत असं तिथे कोणी धरत नाही, किमचीतही बहुतेक वेळा माशाचा सॉस असतो. म्हणून मांस, मासे, कोळंबी, माशाचा सॉस, माशाचं पाणी हे सगळं कोरियन लिपीत एका कागदावर लिहून घेऊन जा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा, सोबत थेपले, मेतकूट असू द्या.

बाकी व्हिसा लागतो, तो हातात आल्यावरच तिकिटं काढा. गूगल मॅप्सच्या भरवशावर राहू नका, मोबाइलवर नेव्हर मॅप (Naver Map) हे अ‍ॅप टाकून घ्या, आणि टी-मनी कार्ड पहिल्याच दिवशी घ्या, मेट्रो आणि गावातल्या बस दोन्हीला चालतं. जून-अखेर ते जुलै तिथला पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येतात आणि बेटांच्या फेऱ्या रद्द होतात, म्हणून एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर धरा, फक्त चुसॉकच्या सणाचे दिवस टाळा, त्या दिवसांत रेल्वेची तिकिटं मिळता मिळत नाहीत.